आरशाला लावलेलं कुंकू

“आरशाला कुंकू कुणी लावलं?” सर असे ओरडले, की कृष्णा-कोयनेनं वाहायचं थांबवलं असावं. मी श्वास तर नक्कीच थांबवला.

ही नव्वदीतली, कराडची गोष्ट. सर निवृत्त प्राध्यापक, गच्चीवर दुर्बीण बांधत होते. हवा हलते म्हणून तारा थरथरतो. आरसा हवेच्या उलट हलवला, तर तारा मुकाट उभा राहतो, असं त्यांचं गणित. आरसा हलवायला जुन्यामागं विजेच्या चार कॉइल होत्या, तरी तारा पुसटच दिसे. म्हणून नव्यामागं नऊ. त्या गुंडाळल्या मी, कारण माझं मोटारी रिवाइंड करायचं दुकान. आरसा मात्र सरांनी आठ महिने हातानं घासलेला, पापडाहून पातळ.

त्या दिवशी खंडेनवमी. मी पकडीला, सोल्डरिंगला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच ओल्या बोटानं आरशाच्या मधोमध टिकली लावली. सर ओरडले तसा मी घाबरून रुमालानं ती पुसायला धावलो. घरच्या आरशाची चांदी काचेमागं असते. ह्याची पुढं होती. ती रुमालावर आली.

सरांनी माझ्या हातातून तो काढून घेतला. हा माणूस आता मला दारात उभं करणार नाही, ही भीती नऊशे कॉइलनीही आवरली नसती.

“मीच लावलं, सर,” मी म्हणालो. “आज खंडेनवमी हाय.”

सरांनी रुमाल उजेडात धरून पाहिला.

“सांगलीत चांदी चढवून देणारा एक जण आहे,” ते म्हणाले. “उद्या सहाची एसटी धर.”