लाव्ह्यांचा दाणा
भरडलेल्या मक्याचा वास आला की मला कळंब्याच्या आमच्या घरामागची पत्र्याची शेड आठवते. तिथं मी जपानी लाव्ह्यांची, म्हणजे तितरासारख्या छोट्या पाखरांची, शंभर पिल्लं आणून ठेवली होती, अंगठ्याएवढी, बल्बच्या उबेला दाटीनं बसणारी. दुकानदारानं कोंबड्यांचंच खाद्य दिलं आणि "बिनधास्त घाला, ताई," म्हणाला. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पाच-सहा पिल्लं मेलेली सापडायला लागली. माझा संशय सासूबाईंवर गेला. पाखरं कोंडून ठेवणं त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हतं, आणि आता दोन दिवस दुपारी सगळे आडवे झाले की त्या पदराखाली काहीतरी घेऊन शेडकडे जात होत्या. शेवटी मी चपला काढून मागोमाग गेले आणि पत्र्याच्या फटीतून पाहू लागले. त्यांनी पदराखालून चाळणी काढली. शेडमधल्या जुन्या पाट्यावर मूठभर खाद्य वाटलं, चाळलं आणि तो बारीक चुरा पिल्लांपुढं पसरला. पिल्लं त्यावर तुटून पडली. मला राहवलं नाही, आत शिरले. वर न बघताच त्या म्हणाल्या, "एवढ्याशा चोचीत त्यो मक्याचा दाणा मावतोय व्हय? उपाशी मरत्यात की ती." मग म्हणाल्या, "आणि तू माझ्यावर नजर ठेवाय आलतीस न्हवं?" त्या दिवसापासून मरतूक थांबत गेली. त्या दुपारी मी शेजारी बसले आणि पुढची मूठ वाटायला त्यांच्याकडून वरवंटा घेतला, एवढं पक्कं आठवतं.