धरून ठेवलेले हात

माझी थोरली बहीण आणि भाऊजी, दोघंही जन्मापासून बहिरे. पुसदच्या मूकबधिर शाळेत त्यांची ओळख झाली, आणि लग्न होऊन ताई ढाणकीला गेली. दोघांची भांडणंसुद्धा हातांनीच चालायची.

मागच्या वर्षी भाऊजी ट्रकखाली सापडले. अंगणात ठेवलेल्या देहाशी बसून ताई खुणांनी त्यांच्याशी बोलू लागली. तशी सासू ओरडली, "धरा वं तिचे हात! लोकं पाहून राह्यले, हे माकडचाळे कायले करते?"

दोन बायांनी तिचे हात मागे ओढून धरले.

"तिले बोलू द्या," मी म्हटलं, तर मलाच बाजूला ढकललं. बाकीच्या बाया मोठमोठ्यानं रडत होत्या. त्यांना कोणी अडवलं नाही.

तिरडी दूर गेल्यावरच ताईचे हात सोडले. आता ती आमच्याकडे राहते. मी खुणा करते. ती नुसती मान हलवते.