रायगोंडा वकील आणि ऐनवेळचे विषय

“नातीचा प्रश्न समोर आला तेव्हा वकीलसाहेबांनी जन्मभर जपलेली घटना मिटून बाजूला ठेवली. त्या दिवशी नियम हरला आणि माणुसकी जिंकली.” रायगोंडा चौगुले वकिलांच्या निधनानंतर आमच्या तालमीचे विद्यमान अध्यक्ष संभाजीराव यांनी याच पुरवणीत जो लेख लिहिला, त्यातलं हे वाक्य. लेख सर्वांना आवडला. मंगळवार पेठेतल्या दोघा-तिघांनी तर रस्त्यात गाठून माझं अभिनंदन केलं. कारण देशानं घटनेप्रमाणे चालावं की साध्या शहाणपणानं, या वादात रायगोंडा जन्मभर घटनेच्या बाजूनं उभा राहिला आणि मी शहाणपणाच्या. संभाजीराव म्हणतात ते खरं धरलं, तर शेवटी मी जिंकलो. मी जिंकलेलो नाही. आणि माझ्या मित्राला त्याच्या पश्चात हरवून कुणी माझ्या गळ्यात हार घालू नये, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी दूध कट्ट्यावर होतो. आमच्याकडे कोल्हापुरात सकाळी म्हशी कट्ट्यावर आणून बांधतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतात. रायगोंडाचा आणि माझा दिवस तिथं, फेस आलेल्या पेल्यावर आणि एकमेकांवर तोंडसुख घेत सुरू होई. त्याच्या मुलानं, महावीरनं, एवढंच सांगितलं, “काका, आण्णा गेले. झोपेतच.” मी फोन खिशात ठेवला. धार काढणाऱ्या बंडानं माझा चेहरा पाहिला, त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, “मग आता तुम्ही भांडणार कुणासंगं?” दुःखाच्या त्या क्षणीही मला हसू आलं... कारण आदल्याच दिवशी रायगोंडानं मला बजावलं होतं, “उद्या लवकर ये. तुझा कालचा मुद्दा मी झोपेत खोडून ठेवतो.” त्यानं तो खोडला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

या वादाची सुरुवात कशी झाली याविषयीही पेठेत चार कथा आहेत आणि चारही चूक आहेत. आम्ही कॉलेजात असताना वादविवाद स्पर्धा होती. विषय हाच होता, आणि बाजू चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या. मला शहाणपण आलं, त्याला घटना. चिठ्ठ्या उलट निघाल्या असत्या तर कदाचित दोघांची आयुष्यंही उलटी झाली असती. बक्षीस आम्हा दोघांनाही मिळालं नाही. ते सांगलीच्या एका मुलानं नेलं, जो विषय सोडून भलतंच बोलला होता. पण मंचावरून उतरताना रायगोंडा माझ्या कानाशी म्हणाला, “माझं उत्तर राहिलंय. बाहेर चल.” आम्ही बाहेर गेलो ते जन्मभर आत आलोच नाही. तो पुढं वकील झाला. मी उद्यमनगरात फाउंड्री काढली. आमची लग्नं झाली, मुलं झाली, केस गेले. उत्तर राहिलेलंच होतं.

माझा मुद्दा साधा होता, अजूनही आहे. काळ बदलतो, अडचणी नव्या येतात. जुन्या कागदात त्यांची उत्तरं शोधण्यापेक्षा चार शहाणी माणसं बसवावीत आणि मार्ग काढावा. त्यावर तो पेला खाली ठेवून मिशी पुसत असे. “कुणाचं शहाणपण? तुझं की बंडाचं?” बंडा मध्येच म्हणे, “दोघांचंबी नको सायेब, म्हशीचं घ्या. ती लाथ मारायच्या आधी शेपूट तरी हलवती.” रायगोंडा खूश. “बघ. म्हैससुद्धा नोटीस देती.” मी फाउंड्रीवाला आहे हे तो कधी विसरत नसे. एकदा मी म्हणालो, “अरे, लोखंडाचा रस तयार झाला की थांबता येत नाही. तिथं कुठलं पुस्तक उघडत बसायचं?” तो शांतपणे म्हणाला, “लोखंड वितळलं की तू साचा करायला बसतोस व्हय?” मी म्हणालो, साचा आधीच केलेला असतो. “निवांतपणी?” निवांतपणी. “थंड डोक्यानं?” अर्थात. “मग घटना म्हंजे दुसरं काय हाय, लेका? तेबी शहाणपणच. फक्त डोकी थंड असताना केलेलं.” त्या दिवशी मी दुधाचे पैसे दिले आणि उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं असं नाही. कारखान्यात जायला उशीर होत होता.

त्याला नियमांचं वेड होतं, असं संभाजीराव लिहितात. वेड हा शब्द मला मान्य नाही. वेड्या माणसाला मजा येत नाही, रायगोंडाला प्रचंड मजा येत असे. तालमीची वार्षिक सभा घ्या. गणसंख्या भरली नाही तर सभा तहकूब करून अर्ध्या तासानं त्याच जागी घ्यावी आणि तिला गणसंख्येचं बंधन राहू नये, अशी आपल्याकडच्या बहुतेक संस्थांची रीत. परिणामी सगळे सभासद अर्धा तास उशिरा येतात. रायगोंडा मात्र दिलेल्या वेळेला हजर. सोबत भडंगाचा भलामोठा पुडा. तेव्हा तालमीचा अध्यक्ष मी असल्यानं मलाही यावं लागे. त्या रिकाम्या अर्ध्या तासात आम्ही दोघं सतरंजीवर बसून भडंग खात जे हसलो आहोत, त्याची सर कुठल्याही भरलेल्या सभेला नाही. मी म्हणायचो, “यंदा सभेची वेळच अर्धा तास पुढची छापू.” तो म्हणायचा, “छाप की. लोक एक तास उशिरा येतील. मग पुडा मोठा आणावा लागंल.”

माझ्या मुलीच्या लग्नाची गोष्टही लोक चुकीची सांगतात. रायगोंडा जैन, सूर्य मावळल्यावर अन्न घेत नसे. नवऱ्याकडची मंडळी वाटेत अडकली आणि दुपारची पंगत संध्याकाळवर गेली. माझी बायको त्याला म्हणाली, “भावोजी, दिवस बुडायला आलाय. तुम्ही एकटे बसून घ्या बघू.” तो म्हणाला, “वहिनी, पोरीकडची माणसं पावण्यांच्या आधी जेवत न्हाईत.” पाहुणे आले, सूर्य गेला. लोक सांगतात तो रुसून निघून गेला. साफ खोटं. तो पदर खोचलेल्या बायकांबरोबर पंगतीत जिलेबी वाढत फिरला, व्याह्यांना आग्रह करून करून बेजार केलं, आणि रात्री उपाशीपोटी सर्वांत मोठ्यानं हसत होता. दोन नियम एकमेकांसमोर उभे राहिले तर तो तिसरा शोधत नसे. दोन्ही पाळायचा आणि किंमत स्वतः द्यायचा.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. रायगोंडाची नात समीक्षा. सुट्टीत मुरगूडला मामाकडे जाऊन पोरगी कुस्ती शिकून आली आणि मातीची गोडी लागली. आमच्या तालमीच्या घटनेत मात्र लाल मातीच्या हौद्यात उतरण्याचा हक्क ‘पेठेतील मुलग्यांना’ असा लिहिलेला. जिल्ह्याची निवड चाचणी पुढच्याच आठवड्यात होती आणि तिथं तालमीचं नाव लागत होतं. दुसऱ्या तालमीच्या नावावर उतरायला तिनंच नकार दिला होता. वार्षिक सभेत मी अध्यक्षांच्या खुर्चीत होतो. विषयपत्रिका संपली, ‘ऐनवेळी येणारे विषय’ आले, आणि मी स्वतःच ठराव मांडला की मुलींनाही प्रवेश द्यावा. टाळ्या पडल्या. साधं, सरळ शहाणपण होतं. मी म्हणालो, अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करा. मला तरी झाडून सगळे हात वर दिसले. विरोधात, असं मी केवळ रीत म्हणून विचारलं.

रायगोंडाचा हात वर झाला.

सभेत गलका झाला. कुणीतरी मागून ओरडलं, “वकीलसायेब, पोरगी तुमच्याच घरातली हाय की.”

“म्हणूनच,” तो म्हणाला. मग उभा राहिला. “घटना बदलायचा विषय ऐनवेळी येत न्हाय. आधी नोटीस लागती. आणि वस्ताद कुठं हाईत?” वस्ताद, म्हणजे आमच्या तालमीत पोरांना डाव शिकवणारे बाळू वस्ताद, लग्नाला परगावी गेले होते. पोरींनी हौद्यात उतरू नये, असं उघड म्हणणारे पेठेत ते एकटेच होते. “ज्याचा विरोध हाय त्यो गावात नसताना ठराव करायचा? आज तुम्ही हात वर करून तिला आत घेतलं, उद्या दुसरं कोण खुर्चीत बसंल आणि असंच हात वर करून बाहेर काढंल. तवा मी कुठल्या तोंडानं नोटीस मागू?”

मी अध्यक्ष या नात्यानं ठराव मागे घेतला, कारण कायद्यानं रायगोंडा बरोबर होता. पण सभा संपताच मी त्याच्या घरी गेलो आणि माझ्या आयुष्यात एवढा आवाज मी कारखान्यातही चढवला नव्हता. मी म्हणालो, “लग्नात उपाशी राहिलास ती भूक तुझी होती. ही चाचणी पोरीची आहे. तुझ्या घटनेसाठी तिनं का उपाशी राहायचं?” रायगोंडानं परसाकडे पाहिलं. परसात बैठका मारणारी समीक्षा थांबली, घाम पुसत दारात आली.

“काका आज्जा, उगं वरडू नका. तुम्ही ठराव आणणार हे वळखून आण्णांनी सकाळीच मला विचारलंतं.”

“आणि तू हो म्हणालीस?”

“व्हय. मला डाव वस्तादांच्याकडनं शिकायचाय. ते गावात नसताना मी शिरलो, तर ते मला शिकवणार हाईत व्हय?”

कोल्हापुरात मुलीही शिरलो, गेलो असंच म्हणतात. त्या उच्चारात मला तिचा आजा ऐकू आला. शहाणपणाचा पक्ष मी चालवत होतो, आणि शहाणपणाचं सर्वांत नेमकं वाक्य त्या घरातून आलं, घटनेच्या बाजूनं. मी चहा घेतला आणि परत आलो.

पंधरवड्याची नोटीस लागली. खास सभेला वस्ताद आले. मनसोक्त बोलले, अर्धी पेठ त्यांना हसली, अर्ध्या पेठेनं मान डोलावली. मतदान झालं, ठराव झाला, वस्ताद पडले. माझी खात्री होती की ते आता तालीम सोडणार. ते उठले, हौद्याजवळ गेले, मूठभर माती घेऊन समीक्षाच्या हातावर चोळली आणि म्हणाले, “हरलो. पण बोलवून हरवलंसा, चोरून न्हाय. उद्या पाचला ये. उशीर झाला तर शंभर जोर.” रायगोंडा त्या दिवशी सभेच्या मध्यभागी लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता. आज हौद्यात मुलींची रोजची तुकडी आहे, आणि वस्ताद त्यांच्यावर मुलग्यांपेक्षा जास्त ओरडतात. हे त्याचं खरं स्मारक. मी आजही मानतो की देश शहाणपणानंच चालावा. पण सगळ्यांनी मिळून, सर्वांना बोलावून, आधी सांगून केलेल्या शहाणपणाला दुसरं काही नाव असेल तर ते रायगोंडाला माहीत होतं.

परवा मी संभाजीरावांना फोन करून चूक दाखवली. ते म्हणाले, “काका, गोड लिहिलंय की. आणि पोरगी त्याच सालात चाचणी खेळली, मला चांगलं आठवतंय. म्हंजे आण्णांनी कुठंतरी नियम वाकवलाच असणार.” संभाजीराव त्या वर्षी नोकरीनिमित्त पुण्याला होते. मी इथं होतो. चाचणीच्या दिवशी सकाळपासून मी त्या मैदानावर होतो, म्हणून सांगतो, आणि यापुढं यावर चर्चा नको. त्या वर्षीच्या निवड चाचणीत समीक्षा चौगुले आखाड्यात उतरली नाही. ती प्रेक्षकांत, आजोबांच्या शेजारी बसली होती.