कापलेली इंजिनं

वसुंधरा केळस्कर शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. निवृत्तीनंतर बोळिंजच्या फ्लॅटमध्ये त्या जुन्या रेल्वे कंपन्यांची शेअर सर्टिफिकिटं जमवू लागल्या. कंपन्या केव्हाच बुडालेल्या. शेअर म्हणून त्या कागदांना आता काही अर्थ नव्हता, पण बाईंचा जीव होता कडेच्या वेलबुट्टीत आणि मधोमध छापलेल्या इंजिनात.

हे वेड लावलं वसईच्या रॉबर्ट डाबरेंनी. त्यांचं आयुष्य छापखान्यात गेलेलं. एका प्रदर्शनात बाई एका सर्टिफिकिटासमोर रेंगाळल्या, तेव्हा ते मागून म्हणाले, "तिरपं धरून बघा, बाई." कागद उजेडात तिरपा केला तशी शाई कागदावर उंचवट्यासारखी उभी राहिलेली दिसली. तेव्हापासून रॉबर्ट रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आले की बाई त्यांच्याकडे जात. त्यांची बायको रोझलीन चहा ठेवी आणि हे दोघं टेबलावर कागद पसरून बसत. वर्षानुवर्षं असं चाललं. बाई त्यांना भाऊ म्हणत, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

बाईंचा सगळ्यात लाडका कागद कधीच न धावलेल्या एका रेल्वेचा होता. शेअर विकले गेले, रूळ पडलेच नाहीत. "हे इंजिन जगात फक्त या कागदावर आहे," असं त्या भाचीला, क्षितिजाला सांगत. इंजिनाच्या धुराड्यापाशी वाळवीने पाडलेलं भोक त्यांनी स्वतः तलम कागद चिकटवून बुजवलं होतं.

गेल्या वर्षी रॉबर्टनी चर्चच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचं काढलं. बाईंनी निवडक कागद दिले, त्यात तोही दिला. प्रदर्शन पुढे गेलं, मग आणखी पुढे. बाईंनी विचारलं की रॉबर्ट म्हणत, "माझ्याकडे आहेत म्हणजे तुमच्याकडेच आहेत की!"

दिवाळीनंतर क्षितिजाच्या साखरपुड्यासाठी जागा बघायला दोघी चिंचोटीजवळच्या एका रिसॉर्टवर गेल्या. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतभर गोल फ्रेमा होत्या आणि प्रत्येकीत एक इंजिन. बाई एका फ्रेमपाशी थांबल्या. धुराड्याजवळ त्यांनीच लावलेलं ठिगळ होतं.

"मावशी, काय झालं?"

"हे माझं आहे. कापलंय."

मॅनेजर कौतुकाने म्हणाला, "वसईचे डाबरे अंकल करून देतात. मस्त आहेत ना?"

बाई तशाच रिक्षा करून वसईला गेल्या. त्यांचा चेहरा बघूनच रॉबर्टना कळलं. त्यांनी नाकारलं नाही.

"फोल्डरात कोण बघतं, बाई? तिथे जेवायला येणारा प्रत्येक माणूस बघतो."

"मला विचारलं का नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"उरलेलं कुठाय?" बाईंनी विचारलं. रॉबर्टनी खाटेखालून प्लास्टिकची पिशवी काढून दिली. कागदांवर सह्या होत्या, शिक्के होते, भागधारकांची नावं होती. मधोमध गोल भोक.

दर महिन्याला वसईत अशा कागदांच्या संग्राहकांची बैठक भरे, तिला बाई आणि रॉबर्ट दोघंही जात. पुढच्या बैठकीत रॉबर्ट समोर बसलेले असताना बाईंनी ते कागद टेबलावर मांडले. "हे भाऊंनी केलं. मला न विचारता." कुणीतरी चिडेल, निदान च्‌ च्‌ करेल असं त्यांना वाटलं होतं. त्यांच्यातली प्रिसिला पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. दुसरा एक संग्राहक, सेबेस्टियन, घसा खाकरून म्हणाला, "बाई, आम्हाला वाटलं, तुमचा होकार असेल."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. काहींनी तर आपलेही कागद कापायला दिले होते. ते आपल्या राजीखुशीने, एवढाच फरक. रॉबर्ट मान खाली घालून बसले होते. बाईंनी कागद गोळा केले आणि निघाल्या. त्या पुन्हा तिथे गेल्या नाहीत.

रिसॉर्टच्या मालकाला त्यांनी त्या लाडक्या कागदाचा जुना फोटो दाखवला, तेव्हा त्याने ती फ्रेम उतरवून दिली. घरी येऊन बाईंनी इंजिन भोकात ठेवून पाहिलं. बसलं नाही. फ्रेमच्या मापात बसवायला रॉबर्टनी कडा आणखी छाटली होती. भोवती सगळीकडून फट राहत होती. ती बुजवावी असं बाईंना वाटलंच नाही.

नाताळात रोझलीन घरी तळलेल्या गोड कुलकुलांचा डबा घेऊन जिना चढून आली. दारातच तिचे डोळे भरले. "त्यांनी दिलाय. मलाही काही माहीत नव्हतं, बाई."

बाईंनी तिचा हात धरून तिला आत घेतलं. "तू बस. चहा घे. डबा मात्र जाताना घेऊन जा."