मिठाचे चिंचोके

लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात आमच्या घरातलं मीठ संपलं आणि मला भर पावसात वाटी घेऊन शेजारणीच्या दारात उभं राहावं लागलं. असा संताप आला! त्या दिवसापासून मी नेम धरला. चुलीजवळच्या मडक्यात करवंटीभर मीठ ओतलं की एक चिंचोका डब्यात टाकायचा. सासूबाई हसायच्या. हसू देत!

वैशाखात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी निघाली. मी डबा उपडा करून चिंचोके मोजले आणि परत भरले. महिन्याला बारा करवंट्या पडत होत्या, म्हणजे पावसाच्या चार महिन्यांना अठ्ठेचाळीस! माझा आनंद गगनात मावेना. बाजारातून नेमकं तेवढंच मीठ आणलं आणि घरभर मिरवलं.

चौथ्या दिवशी सासऱ्यांची होडी किनाऱ्याला लागली. मोसमातली शेवटची खेप, आणि होडी बांगड्यांनी काठोकाठ भरलेली! आम्ही दोघी अंगणात मासे खारवायला बसलो. सासूबाई सुपासुपाने मीठ घालत होत्या. दुपारपर्यंत माझी चार महिन्यांची बेगमी संपली आणि निम्मे बांगडे अजून टोपलीतच होते. वर्षभर मी चुलीचं मीठ मोजलं, खाऱ्या मासळीचं धरलंच नव्हतं.

सासूबाईंनी माझा डबा कानाशी खुळखुळवला. "चुलीक इचारलंस, बरां केलंस. दर्याक इचारलंस काय गो?"

मी तशीच उठले. हाताला खवले, काखेत रिकामं पोतं, आणि बाजाराकडे पळत सुटले. इतकी चिडले होते, तरी हसू काही आवरत नव्हतं.