समुद्राचं पेव

आमच्याकडे मुलगी पाहायला येणाऱ्यांचा क्रम ठरलेला असायचा. आधी पाय धुवायला पाणी, मग चहा, मग मुलगी, मग पान. चहा आणि पान यांच्या मधल्या वेळात मावेल एवढंच मुलीचं मोल.

त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि नांदुऱ्यात मॅट्रिकपर्यंत पोचलेल्या मुली एका हाताच्या बोटांवर मोजता येत. मला परीक्षेला बसायचं होतं. दागिने, नवरा, देव, यांतलं काहीही मागायला मी कधी हात जोडले नाहीत, परीक्षेसाठी जोडले. बाबांना माझ्या शिक्षणाचं कौतुक नव्हतं. ते कापसाचे मोठे शेतकरी आणि शाळेच्या कमिटीवर होते. कमिटीवरच्या माणसाची मुलगी घरी बसलेली बरी दिसत नाही, म्हणून मी शाळेत होते.

पहिलं स्थळ रोहिणखेडकडचं आलं. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता आणि त्याला बायको मॅट्रिक पास हवी होती. म्हणजे हे जमलं तर मला पेपर देऊ देणार होते, आणि मोडलं तर बाबा काय करतील ते मला माहीत होतं. मायनं सकाळपासून एकच घोकलं होतं. "इचारलं तेवढंच सांगजो. तुह्या तोंडाले लगाम नाई."

लगाम नव्हताच. त्यात आमचे शास्त्राचे मास्तर कोकणातले. त्यांनी वर्गात एकदा विचारलं होतं, स्टेशनातलं इंजिन धूर सोडतं, घरोघरच्या चुली धूर सोडतात, आपण सगळे श्वास सोडतो, तर हा सगळा कर्बद्विप्राणिल वायू जातो कुठं? झाडं घेतात, असं आम्ही एका सुरात ओरडलो. "आणि समुद्र?" ते म्हणाले. आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. मग त्यांनी सांगितलं. हा वायू समुद्राच्या पाण्यात विरघळतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती तो घेऊन वाढतात, त्यांना बारीक जीव खातात, त्या जिवांना मासे खातात. मेलेले जीव आणि सगळ्यांची विष्ठा हळूहळू खाली जाते. बरीचशी वाटेतच कुजते, पण जी तळाला पोचते तिच्यातला कर्ब तिथं अंधारात हजारो वर्षं पडून राहतो. काही जीव कर्ब आणि चुना मिळवून अंगावर कवच बांधतात. ते मेले की कवचांचे थरावर थर बसतात आणि त्यांची चुनखडी होते.

मला हे लगेच पटलं, कारण आमच्या अंगणात पेव होतं. जमिनीखाली खोल खड्डा, त्यात ज्वारी ओतायची आणि तोंड लिंपून टाकायचं. समुद्राचंही तसंच पेव होतं, फक्त ते भरणारे मरून भरत होते. मला त्या जिवांचा हेवा वाटला. आमच्या घरात बायका मरेपर्यंत राबायच्या आणि त्यांचं काहीच कुठं साठत नव्हतं.

तर पाहुणे आले. मुलगा, आणि त्याचे मोठे काका. काकांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. कांदा-लसूण चालत नाही, असा निरोप आधीच आला होता. तंबाखू चालत होती. मी पाटावर बसले. मला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, वेणी सोडून केस पाहिले. बैलबाजारात निदान दात पाहून सोडतात. मुलगा मात्र हळूच म्हणाला, "शास्त्रात काय शिकवतात तुमच्याकडे?"

मला कोणी काही विचारलं असं तोवर कधी झालं नव्हतं. मी सुरू झाले ती थांबेचना. इंजिनापासून समुद्राच्या तळापर्यंत गेले. विष्ठा हा शब्दही न अडखळता म्हणाले. दाराआड मायनं कपाळाला हात लावला असेल. मुलगा पुढे वाकून ऐकत होता आणि मला तो आवडला, हे आता सांगायला हरकत नाही. मी इतकी बोलले की पानाचं तबक आलं तरी मी पाटावरच.

काकांनी पानाला चुना फासला, कात लावला, विडा गालात धरला आणि म्हणाले, "पण समुद्राचं आपल्याले काय करायचं वं पोरी? आपल्या बुलढाण्यात कुठी आला समुद्र?"

"तुमच्या तोंडात आला नं काकाजी," मी म्हणाले. "चुना कायचा असते? त्याच जिवांच्या कवचांचा दगड भट्टीत भाजला का चुना."

काकांचं तोंड हलायचं थांबलं. मग ते उठले, अंगणात गेले आणि थुंकले. चूळ भरली, पुन्हा थुंकले. "मले मेलेलं जनावर चारलं!" ते ओरडले. जन्मभर दिवसातून दहा पानं खाल्लेला माणूस अकराव्याला बाटला. मुलगा खळखळून हसला. मग काकांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो खाली मान घालून चपला शोधायला लागला. हसायला येणारी माणसं खूप असतात, पण हसून झाल्यावर उभं राहायला फार थोडी.

बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर मी ते विसरले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या शास्त्राच्या मास्तरांना घरी बोलावलं. मास्तरांची नोकरी कच्ची होती आणि ती पक्की करणं कमिटीच्या हातात होतं.

"मास्तर, चुन्यात जनावर असते, हे तुमी शिकवलं काय?"

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "नाही हो. मुलीच्या ऐकण्यात चूक झाली असेल."

"माह्याकडं पाहून नोका सांगू. तिच्याकडं पाहून सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वर्गात सांगायचे तसंच स्वच्छ सांगितलं, "तुझ्या ऐकण्यात चूक झाली." त्यांना मायनं चहा दिला आणि तो त्यांनी पूर्ण प्याला. पुढं त्यांची नोकरी पक्की झाली. माझं नाव त्याच आठवड्यात शाळेतून काढलं. मी बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, परीक्षेपुरतं जाऊ द्या म्हणाले. "काऊन? अजून कोनाच्या तोंडात काय निंगते ते पाहाले?" एवढं बोलून त्यांनी पाय काढून घेतले.

बाबांचा मला तेव्हा राग आला होता आणि तो अजून आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आपापल्या बापावर धरू नये.

मग त्यांना एक खेळ सापडला. घरी कोणी आलं, अडत्या असो की सोयरा, की मला हाक यायची. "समुद्राचं म्हणून दाखव वं." मी म्हणायचे. विष्ठा आली की लोक मांड्या थापटायचे. "विहिरीत प्यायाले पानी नाई, अन् पोरगी समुद्र सांगते," असं बाबा म्हणायचे आणि सगळे पुन्हा हसायचे. मी नाही म्हटलं तर मायला बोलणी बसायची, म्हणून मी म्हणायचे. मदाऱ्याच्या माकडासारखी मी त्यात तरबेज झाले.

दुसरं स्थळ देऊळघाटकडचं आलं. बिजवर, वय बाबांहून थोडं कमी, पहिल्या बायकोची दोन मुलं. ते ज्या सकाळी आले, त्याच सकाळी माझ्या वर्गातल्या मुली आमच्या घरावरून स्टेशनकडे गेल्या. केंद्र मलकापूरला होतं आणि त्या दिवशी शास्त्राचा पेपर होता. त्यातली एक दारासमोर जरा थांबली. मी खिडकीतून हात केला, तशी ती घाईनं पुढे गेली.

चहा झाला. मी पाटावर बसले. बाबा म्हणाले, "तिले समुद्राचं म्हणून दाखवाले सांगा. लय मजा येते."

पेपर सुरू व्हायची वेळ झाली होती. मी पदर नीट केला आणि उत्तर सांगायला लागले. नेहमीसारखं माकडपणानं नव्हे. आधी व्याख्या, मग कारण, मग उदाहरण, मुद्द्यामागून मुद्दा, कुठंही न खोडता. वायू पाण्यात कसा जातो, वनस्पती तो कसा धरतात, काय वाटेत कुजतं आणि काय तळाला राहतं, चुनखडी कशी होते आणि ती भट्टीत भाजली की तोच वायू पुन्हा कसा सुटतो. पैकीच्या पैकी गुण मिळावेत असं ते उत्तर होतं. या खेपेला कोणी हसलं नाही. बाबाही मध्येच माझ्याकडे बघायला लागले.

बिजवर तळहातावर तंबाखू मळत होता. मी थांबल्यावर त्यानं ती तोंडात टाकली आणि बाबांना विचारलं, "हे असं रोज बोलते काय?"

"नाई नाई," बाबा म्हणाले. "सांगतलं तरच."

"मंग चालते," तो म्हणाला, आणि सुपारी फुटली.