भाजीवाल्यांचा ठराव आणि बाजाराचा दिवस

मंडळी, आज दुपारी अहमदपुरात आमच्या अन्न समितीची बैठक होती. गावात ताजा भाजीपाला कुठे, कसा विकला जावा, हे शेतकरी, विक्रेते आणि ग्राहक इथे मिळून ठरवतात. मी फूड टेक्नॉलॉजी शिकले आहे, म्हणून समितीत आहे.

आजचा ठराव असा होता: बस स्थानकासमोर बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांना मार्केट यार्डामागच्या नव्या ओट्यांवर हलवायचं. ओटे स्वच्छ आहेत, वर सावली आहे. माझाही पाठिंबा होता. फक्त भाजीवाल्यांच्या प्रतिनिधी सावित्राबाई आल्या नव्हत्या.

"दरवेळी बोलावतो, येत न्हाईत," अध्यक्ष गुरुजी म्हणाले.

"आज आठवडी बाजार आहे, गुरुजी," मी म्हणाले.

"म्हणून तर आज ठेवली. समदे गावात येतात."

"त्या विकायला येतात."

 गुरुजी चप्पल घालून बस स्थानकासमोरच्या बाजाराकडे निघाले, मागे आम्ही सगळे.

सावित्राबाई मेथीवर पाणी शिंपडत होत्या. ठराव ऐकून म्हणाल्या, "सावली कुणाला नगं हाय? पण बशीतून उतरलेलं गिऱ्हाईक तिकडं येतंय का? हितं पाटी रिकामी होतीया. तिथून भरलेली घरी न्यावी लागंल."

गुरुजींनी ठराव तिथेच थांबवला. आधी ओट्यांजवळ बस थांबा मागायचा. तोवर कुणालाही हलवायचं नाही.

"बरं झालं," सावित्राबाई म्हणाल्या. "आता सरका बाजूला. समितीच्या गर्दीत माझी मेथी दिसंना झाली."

तुमच्या गावात अशा बैठका कधी होतात? आणि त्या वेळी कोण कामावर असतं?